विषय: रेट सिंड्रोम असलेल्या मुलीचा ईसीजी

सर्व सदस्यांस सप्रेम नमस्कार,

रेट सिंड्रोम (मेंदूच्या विकासावर परिणाम करणारा, बहुतांशी मुलींत आढळणारा जनुकीय विकार) असलेली माझी भाची फोंड्याला आमच्याकडे राहते. तिचे झटके, श्वास रोखणे, सतत हात चोळणे आमच्या परिचयाचे आहे. परंतु मेंदूविकारतज्ज्ञांनी ईसीजी काढायला सांगितल्यापासून तिची आई धास्तावली आहे. हृदयाची कधीच तक्रार नसताना ही तपासणी कशासाठी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

– मुलीची मावशी, फोंडा

उत्तर:

ताई, नमस्कार.

ईसीजी अवश्य काढून घ्या. या मुलींच्या हृदयाची ठेवण सहसा चांगलीच असते. अडचण असते ती ठोक्यांचे नियमन करणाऱ्या यंत्रणेत. बहुतेकींमध्ये हा विकार एमईसीपी-२ या जनुकातील बदलामुळे होतो, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले, आणि त्याची झळ श्वास व हृदयगती सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेलाही लागते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला लागणारा वेळ ईसीजीवरील क्यूटी अंतरावरून कळतो. साधारण पाचांपैकी एका मुलीत हे अंतर लांबलेले आढळते आणि त्यातून ठोके एकाएकी धोकादायक रीतीने बिघडू शकतात. अशा वेळी मूल पांढरेफटक पडून कोसळते आणि घरच्यांना तो नेहमीचाच झटका वाटतो, म्हणून वेगळा दिसलेला प्रत्येक झटका डॉक्टरांना सांगा.

मला अधिक काळजी वाटते ती साध्या औषधांची. चवथीच्या सुट्टीत दवाखाना बंद म्हणून फार्मसीतून उलटीची गोळी आणण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. मात्र डोमपेरिडोन, ऑन्डान्सेट्रॉन ही उलटीची औषधे आणि एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके हे क्यूटी अंतर वाढवू शकतात, आणि उलट्या-जुलाबांमुळे शरीरातले पोटॅशियम घटले असेल तर धोका आणखी वाढतो. त्यामुळे दातांच्या डॉक्टरांपासून भूलतज्ज्ञांपर्यंत प्रत्येकाला तिचे निदान आधी सांगावे. झटक्यांची चालू औषधे मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

हात हलत राहिल्याने ईसीजीच्या कागदी पट्टीवरील रेषा थरथरत्या येतात. तिच्या आईने जवळ बसून हात अलगद धरले, किंवा मूल झोपले असताना पट्टी काढली, तर ती स्वच्छ येते. यंत्राने छापलेल्या आकड्यावर न थांबता बालहृदयरोगतज्ज्ञांकडून अंतर मोजून घ्या. अंतर लांबलेले निघाले तरी बीटा-ब्लॉकरसारखे (हृदयाची गती आवरणारी औषधे) उपचार उपलब्ध आहेत. अंतर आज योग्य असले तरी पुढे ते बदलू शकते, म्हणून दरवर्षी तपासणी करावी आणि आधीची पट्टी सोबत न्यावी.

– मंडळाचे एक डॉक्टर सदस्य, म्हापसा