मदत हवी आहे: जुन्या गाडीच्या आल्टरनेटरवरची 'लाइफटाइम वॉरंटी' दुसऱ्या मालकाला मिळते का? (ॲरिझोना)

मुक्ता_चँडलर

नमस्कार मंडळी, गाडीतलं कळणाऱ्यांनी जरा मदत करा.

आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. २०१०ची होंडा सीआर-व्ही आहे. नवऱ्याच्या ऑफिसातलं एक मराठी कुटुंब कायमचं पुण्याला परत गेलं, त्यांच्याकडून घेतली. गाडी उत्तम ठेवलेली होती आणि सोबत पावत्यांची अख्खी फाइल मिळाली, अगदी वायपरच्या पावतीसकट.

आता दुखणं असं की सकाळी स्टार्टर रडत रडत फिरतो. मध्यंतरी ग्रोसरीच्या दुकानाबाहेर गाडी पूर्णच बसली, कुणीतरी आपल्या गाडीच्या बॅटरीवरून जम्प दिला म्हणून घरी पोचलो. जवळच्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून मीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले. म्हणाला, चार्जिंग होत नाहीये, आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा पार्ट) गेला. पार्ट आणि लेबर मिळून साडेचारशे डॉलर सांगतोय.

फाइलमध्ये कामाच्या दोन पावत्या सापडल्या. आल्टरनेटर २०२१ मध्ये एका मोठ्या साखळी दुकानातून घेतलेला, रिमॅन्युफॅक्चर्ड (जुनाच खोलून नव्यासारखा केलेला), त्यावर 'लिमिटेड लाइफटाइम वॉरंटी' लिहिलंय. बॅटरी दुसऱ्या दुकानातली, सप्टेंबर २०२२ची, तीन वर्षं फ्री रिप्लेसमेंट. म्हणजे तिचे थोडेच आठवडे उरलेत.

आल्टरनेटरच्या दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, वॉरंटी मूळ खरेदीदाराच्या फोन नंबरवर आहे. शिवाय पार्ट गाडीतून काढून आणा, आम्ही बेंचवर टेस्ट करू, फेल झाला तरच बदलून देऊ. पुण्याला दादांना, म्हणजे गाडीच्या आधीच्या मालकांना, मेसेज केला तर त्यांचं उत्तर, "अगं, माझा नंबर सांग की बिनधास्त. तो कुठे आयडी बघतोय!"

तर विचारायचं हे की ही वॉरंटी आम्हाला कायद्याने लागू होते का? की लाइफटाइम म्हणजे दादांचं लाइफटाइम? आणि विकतच घ्यायचा असेल तर असा लाइफटाइमवाला परत घ्यावा, की जास्त पैसे देऊन मूळ बनावटीचा?

नाशिकचा_गॅरेजवाला

ताई, आमच्याकडे बॅटरीच्या वॉरंटीचा हिशोब सरळ असतो. कार्डावर २४+२४ लिहिलेलं असलं तर पहिले २४ महिने फुकट बदलून, पुढचे २४ महिने एमआरपीवर सूट. ती सूट महिन्यागणिक कमी होत जाते. गंमत अशी की नवी बॅटरी बाहेर एमआरपीपेक्षा बऱ्याच कमी भावात मिळते आणि जुनी दिली की आणखी पैसे सुटतात. त्यामुळे शेवटच्या वर्षातली ती सूट पुष्कळदा कागदावरच राहते. गिऱ्हाईक कार्ड घेऊन भांडायला येतं, मी कॅल्क्युलेटर पुढे करतो.

डायनामोवर, म्हणजे तुमच्या आल्टरनेटरवर, मात्र इथे कुणी आयुष्यभराची वॉरंटी दिलेली मी पाहिली नाही. कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर बदलून तोच परत बसवतो. तिकडे असा रिपेअर करून देणारा कुणी नाही का?

बे_एरियाकर

सांगा हो नंबर आणि घ्या बदलून. सगळे हेच करतात. एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतोय.

कलम_४२० (न्यू जर्सी)

बे_एरियाकर, फरक कुणाला पडतो हा प्रश्न नाहीये. मुक्ता, आधी पावतीमागचा किंवा दुकानाच्या साइटवरचा वॉरंटीचा मजकूर शब्दन् शब्द वाच. सगळं तिथे ठरतं.

इथे १९७५चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी ॲक्ट आहे. लेखी वॉरंटी देणाऱ्याला तिच्यावर 'फुल' की 'लिमिटेड' हे लिहावं लागतं. फुल असेल तर त्या मुदतीत वस्तू ज्याच्याकडे असेल त्याला ती मिळते. लिमिटेड असेल तर 'फक्त मूळ खरेदीदार' अशी अट घालता येते. तुझ्या पावतीवर लिमिटेड आहे, म्हणजे बहुतेक ही अट असणारच.

दुसरा मुद्दा 'लाइफ' कुणाचं. फेडरल ट्रेड कमिशनची, म्हणजे एफटीसीची, वॉरंटीच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत म्हटलंय की लाइफटाइम म्हणायचं असेल तर कशाचं आयुष्य ते स्पष्ट करा. उदाहरण दिलंय ते मफलरचं. पार्ट्सच्या धंद्यात याचा नेहमीचा अर्थ 'मूळ खरेदीदाराकडे ती गाडी असेपर्यंत' असा. मौज म्हणजे फुल वॉरंटीसुद्धा अशा मुदतीची देता येते असं एफटीसीने बॅटरी आणि मफलरचंच उदाहरण देऊन सांगितलंय, कारण गाडी विकताना बॅटरी काढून वेगळी कोण विकतो? त्यामुळे दादांनी गाडी तुम्हाला विकली त्या दिवशीच आल्टरनेटरची वॉरंटी संपली असं धरून चाल.

दादांचा नंबर सांगणं म्हणजे 'गाडी अजून दादांची आहे' असं सांगणं. पकडलं जाशील असं नाही म्हणत. पण ते खोटं आहे, आणि तूही इथे विचारते आहेस म्हणजे तुला ते खटकलंय.

बॅटरीची पावती मात्र वेगळी वाच. ठरावीक वर्षांच्या वॉरंटीत काही दुकानं फक्त पावती मागतात, नाव बघत नाहीत.

बे_एरियाकर

बाई, साडेचारशे डॉलरच्या कामासाठी नीतिशास्त्राचा तास नको. दुकानदाराने ती किंमत आधीच धरलेली असते.

कलम_४२० (न्यू जर्सी)

धरलेली असतेच. गाडी विकणारे आणि पावती हरवणारे हेही त्याने धरलेले असतात. त्या गणितावरच तर ही वॉरंटी उभी आहे. १९५६ मध्ये मायडसने मफलरवर 'गाडी तुमची असेपर्यंत' अशी हमी देऊन धंदा उभा केला, तो याच हिशोबावर. असो, इथेच थांबते.

स्पॅनर_ह्यूस्टन

धागा वॉरंटीवर गेला पण मला वेगळीच शंका येतेय. मुक्ताताई, तुमचा आल्टरनेटर गेलाच नसेल.

त्या काळच्या होंडांमध्ये फ्यूज बॉक्सच्या आत इलेक्ट्रॉनिक लोड डिटेक्टर असतो. गाडीत विजेचा वापर कमी असला की इंजिनवरचा भार कमी करायला आल्टरनेटर मुद्दाम कमी व्होल्टेजवर चालतो, साधारण १२.४ ते १२.९. हेडलाइट लावले, एसीचा पंखा जोरात केला की तो साडेचौदाच्या आसपास जातो. तुमच्या मेकॅनिकने सगळं बंद ठेवून मोजलं असेल तर १२.६ हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण आहे. दुसऱ्या गाड्यांवर हात बसलेला माणूस इथे हमखास आल्टरनेटरवर ठपका ठेवतो. उद्या तो काढून बेंचवर नेला असता तर पास झाला असता, दुकानाने परत दिला असता आणि काढण्याघालण्याचं लेबर तुमच्या गळ्यात.

आधी हे करा. साधा मल्टिमीटर वीस डॉलरच्या आत मिळतो. सकाळी गाडीला हात लावण्याआधी बॅटरीचं व्होल्टेज बघा. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते बघा. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी संशयित. शेवटी इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू, आणि परत मोजा.

माझा अंदाज बॅटरीचाच. फिनिक्सच्या उन्हात तीन वर्षं चालली हेच पुष्कळ. २०२३च्या उन्हाळ्यात तुमच्याकडे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सियसला टेकत होता किंवा त्याच्याही वर जात होता. बॉनेटखाली त्याहून किती जास्त असेल विचार करा. थंडीत बॅटरी बसते म्हणून लोक थंडीला दोष देतात, पण आतल्या प्लेटा उन्हाळ्यातच झिजलेल्या असतात. त्यात सीआर-व्हीला ५१आर नावाची छोटी बॅटरी येते, तिच्यात फार राखीव ताकद नसते.

म्हणूनच आयुष्यभराची बॅटरी वॉरंटी आता सहसा सापडत नाही. १९७०च्या दशकात जेसी पेनीसारखी कपडे विकणारी दुकानं अशी बॅटरी विकायची. आल्टरनेटर बिघडेल किंवा बिघडणार नाही, पण शिशाची बॅटरी मरणार हे पक्कं असतं. पक्क्या मरणाऱ्या वस्तूवर आयुष्यभराची हमी म्हणजे दर तीन-चार वर्षांनी एक फुकट वाटणं.

मुक्ता_चँडलर

बापरे, हा लोड डिटेक्टर प्रकार पहिल्यांदाच ऐकला. मीटर मागवलाय. स्पॅनरदादा, बॅटरी दुकानात टेस्टला नेण्याआधी चार्ज करून न्यायची का? रिकामी नेली तर ते म्हणणार चार्ज करून आणा.

स्पॅनर_ह्यूस्टन

म्हणणारच. रात्रभर चार्जर लावून न्या. टेस्टरवर 'चार्ज करून परत तपासा' आलं की ते बॅटरी ठेवून घेतात आणि तुम्ही दिवसभर गाडीविना. भरलेली बॅटरी लोड टेस्टला (भार टाकून घेतलेल्या चाचणीला) नापास झाली की बोलायला जागा उरत नाही. पावतीचा फोटो काढून ठेवा, तो थर्मल कागद गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये कोरा होतो.

नाशिकचा_गॅरेजवाला

इथेही तेच. "दोन दिवस चार्जिंगला ठेवून जा" म्हणतात आणि गिऱ्हाईक बसने घरी.

मुक्ता_चँडलर

अपडेट देते.

सकाळी बॅटरी ११.९. हेडलाइट आणि पंखा लावून इंजिन चालू केलं तर १४.४! म्हणजे आल्टरनेटर ठणठणीत. साडेचारशे वाचले, स्पॅनरदादा, तुमच्या तोंडात साखर पडो.

बॅटरी चार्ज करून तिच्या दुकानात नेली. लोड टेस्टला नापास. गाडी सेकंडहँड घेतली आहे, पावती आधीच्या मालकाची आहे, असं सरळ सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी त्यांचा नियम स्क्रीनवर काढून दाखवला: पावती आणि बॅटरीवरचा तारखेचा कोड जुळला पाहिजे, नावाची अट नाही. जुळला, बदलून दिली. जुनी ठेवून घेतली त्यामुळे कोअर चार्जही (जुनी परत न दिल्यास लागणारी रक्कम) लागला नाही. फक्त नव्या बॅटरीला नवी तीन वर्षं मिळाली नाहीत, मूळ पावतीचीच मुदत पुढे चालू, म्हणजे सप्टेंबरला संपणार. कलमताई म्हणतात तसं मजकूर वाचला होता म्हणून आश्चर्य वाटलं नाही.

आल्टरनेटरच्या वॉरंटीत मात्र स्पष्टच लिहिलंय, मूळ खरेदीदार आणि तोही गाडी त्याच्याकडे असेपर्यंत. दादांना कळवलं. ते म्हणाले, "मग माझ्या लाइफटाइमचं काय झालं!"

पुढेमागे तो खरंच गेला तर काय घ्यावं, हा प्रश्न अजून आहेच.

स्पॅनर_ह्यूस्टन

मी मूळ बनावटीचा घेईन. डेन्सो, मित्सुबिशी, गाडीत जो असेल तो, त्याच कंपनीने रिमॅन्युफॅक्चर केलेला. वॉरंटी एखाद-दोन वर्षांचीच मिळाली तरी चालेल. लाइफटाइम वॉरंटी पार्टची असते, लेबरची नसते, टोईंगची नसते. स्वस्तातला रिबिल्ट दोनदा गेला तर पार्ट दोनदा फुकट मिळतो आणि मेकॅनिकला दोनदा पैसे जातात. स्वतः बदलणारा असेल तर गोष्ट वेगळी. माझा एक मित्र ब्रेक पॅड असेच घ्यायचा, झिजले की दुकानात बदलून आणायचा, स्वतः बसवायचा. त्याला परवडलं. तुमच्या घरी कुणी गाडीखाली झोपणारं आहे का?

आणि हो, एक राहिलं. तीन वर्षांची बॅटरी मरणं साहजिक आहे, पण काहीतरी गुपचूप करंट खात नाही ना ते बघून घ्या, नाहीतर नवीही जाईल. गाडी बंद करून, दारं लावून, अर्ध्या तासाने करंट मोजायचा. ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त आला तर एकेक फ्यूज काढत बघायचं. होंडात एसीचा रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटून एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच रात्रभर चालू राहिलेला मी पाहिलाय. मीटर वायरमध्ये जोडलेला असताना स्टार्टर मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम, तो वायरभोवती चिमट्यासारखा बसतो, काही सोडायला लागत नाही.

मुक्ता_चँडलर

गाडीखाली झोपणारं कुणी नाही, नवरा टायरमध्ये हवा भरतो तेवढंच. क्लॅम्प मीटर विकत घेण्याआधी विचारते, फिनिक्स, चँडलर, टेंपीच्या बाजूला कुणाकडे आहे का? एका संध्याकाळपुरता हवाय. बदल्यात साबुदाणा खिचडी.

सोनचाफा_टेंपी

आहे. सोलरच्या कामाला घेतला होता. डीसी मोजतो. शनिवारी चालेल का? व्यनि (खासगी निरोप) केलाय. खिचडीत दाण्याचा कूट भरपूर.