मदत हवी आहे: पांदणीवर चालेल अशी लहान मुलीची व्हीलचेअर

भाची 9 वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा राहत नाही) आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलेलं आहे.

शिबिरात मिळालेली व्हीलचेअर मोठ्या माणसाच्या मापाची निघाली. पोर एका अंगावर कलंडते. पुढची बारकी चाकं पावसाळ्यात काळ्या मातीत रुततात, आणि शाळेपर्यंत सगळी पांदणच. दोन्हीकडून उशा लावल्या, छातीला पट्टा शिवला, वेल्डिंगवाल्याकडून पायदान वर घेतलं. मान मात्र सावरत नाही, त्याचीच जास्त काळजी वाटते.

एलिम्को या सरकारी कंपनीची सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची खुर्ची) घरात ठीक, पण पांदणीत चालेलसं वाटत नाही. ‘मोटिव्हेशन’ ही ब्रिटनमधली संस्था खडबडीत रस्त्यांसाठी लांब बांध्याची तीनचाकी व्हीलचेअर बनवते. तशी काहीतरी हवी. एडिप या केंद्राच्या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत 12 वर्षांखालच्या मुलांना तीनऐवजी एका वर्षानंतर पुन्हा साधन मिळू शकतं, म्हणून नव्याने अर्ज करणार आहोत. थोडा खर्चही करू. मुंबई-पुण्याला नेणं मात्र जमणार नाही.

यवतमाळ, वर्धा किंवा नागपुरात मुलाला प्रत्यक्ष बसवून माप घेणारं, मानेचा आधार बसवून देणारं केंद्र कोणाला माहीत आहे का? आणि तीनचाकी खुर्ची आपल्याकडे कोणत्या संस्थेमार्फत मिळते?