पाठीवर ‘१८७७’ असलेली फ्रेंच तलवार वॉटर्लूची असू शकते का?

प्रश्न (नवा संग्राहक)

नमस्कार. नेपोलियनच्या काळातील, वॉटर्लूच्या लढाईत वापरलेली म्हणून मला एक घोडदळी तलवार दाखवण्यात आली आहे. पाते किंचित वक्र आहे, परज (मुठीवरील हाताचे रक्षण करणारा भाग) पितळी व तीन गजांची आहे, मुठीवर कातडे असून त्यावर पितळी तार गुंडाळलेली आहे. पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवर, बारीक तिरप्या अक्षरांत काही कोरलेले आहे. त्यात शातेलरो या गावाच्या नावाचा संक्षेप, ‘मे १८७७’ आणि हलक्या घोडदळाचा फ्रेंच उल्लेख एवढे मला वाचता आले. म्यान लोखंडी आहे, त्याला एकच कडी आहे आणि तिच्या खाली काहीतरी काढून टाकल्याची आडवी खूण दिसते. म्यानावरचा क्रमांक परजेवरच्या क्रमांकाशी जुळत नाही. ही तलवार अस्सल आहे का, आणि पात्यावरचा काळपट थर घासून काढावा का?

उत्तर १ (जुना सभासद)

आपण पाठ वाचलीत हे फार चांगले केलेत, कारण फ्रेंच लष्करी तलवारीची जन्मनोंद तिथेच असते. विक्रेत्याची कथा मात्र टिकत नाही. वॉटर्लूची लढाई १८१५ ची आणि शातेलरोचा शस्त्र कारखाना स्थापन झाला १८१९ मध्ये, तेव्हा या कारखान्याचे नाव असलेले कोणतेही पाते त्या लढाईत असणे शक्यच नाही. आपण केलेल्या वर्णनावरून ही १८२२ च्या नमुन्याची हलक्या घोडदळाची तलवार दिसते. नमुन्याचे वर्ष आणि घडणीचे वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण हा नमुना अनेक दशके बनत राहिला. नेपोलियनच्या काळातील हलक्या घोडदळाची तलवार, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाच्या दिनदर्शिकेतील अकराव्या वर्षाचा (१८०२-०३) नमुना, हीदेखील तीन गजांच्या पितळी परजेची असते, म्हणून घोटाळा होतो. पण तिच्या पात्यावर एकच रुंद पन्हळ, म्हणजे पात्याच्या लांबीने जाणारी खोलगट खाच, असते. १८२२ च्या नमुन्यावर रुंद पन्हळीशिवाय पाठीलगत दुसरी अरुंद पन्हळ असते. आपल्या पात्यावर ती आहे का, ते पाहा.

कारखान्याच्या नावाआधीचे विशेषणही काळ सांगते. ‘रॉयाल’ (राजाचा) असेल तर १८४८ पूर्वीचा काळ आणि ‘इम्पेरियाल’ (सम्राटाचा) असेल तर, शातेलरोच्या बाबतीत, १८५२ ते १८७० हा दुसऱ्या साम्राज्याचा काळ. १८७७ च्या पात्यावर यांपैकी एकही असू नये. तसे आढळल्यास मला नक्की कळवा, कारण मग तारीख मागाहून कोरली गेल्याची शंका घ्यावी लागेल.

उत्तर २ (मोजमापाचा आग्रही)

वरील मताशी मी सहमत आहे. अस्सलपणासाठी अक्षरांइतकेच पाते महत्त्वाचे, म्हणून वर्नियर कॅलिपर घेऊन पाठीची जाडी परजेपाशी, मध्यावर आणि टोकाच्या अलीकडे अशी तीन ठिकाणी मोजा. अस्सल पात्यात परजेपाशी साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडी असून ती टोकाकडे दोन-तीन मिलिमीटरपर्यंत उतरत जाते. त्यामुळे जड वाटणारी तलवारही हातात घेतल्यावर चपळ लागते. स्वस्त नकलांमध्ये हा उतार फारसा नसतो आणि पाते एखाद्या पट्टीसारखे शेवटपर्यंत सारखेच जाड राहते. मुठीच्या टोकाकडेही पाहा: पात्याचा मुठीतून आलेला शेवट ठोकून पसरवलेला असावा. तिथे आट्यांची चाकी दिसली तर सावध व्हा. परजेलगतच्या बोथट भागावर तपासनिसांचे छोटे गोल शिक्के असतात, तेही शोधा.

म्यानाची खूण मात्र दोष समजू नका. १८८० च्या दशकात फ्रेंच सैन्याने म्यानाची खालची कडी काढून टाकली, त्यामुळे १८७७ च्या तलवारीबरोबर एक कडी आणि काढलेल्या पट्टीचा व्रण सुसंगतच आहे. न जुळणाऱ्या क्रमांकाने मोल कमी होते हे खरे, पण अशा जोड्या सेवेतच बदलल्या जात. पाते म्यानात न अडखळता शेवटपर्यंत जाते का, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

उत्तर ३ (जुना सभासद)

घासण्याबद्दल कळकळीने सांगतो: करू नका. माझ्या पहिल्या तलवारीची पाठ मी पॉलिश पेपरने चकचकीत केली आणि महिना व वर्ष दोन्ही पुसले गेले. ती तलवार कधीची, हे आता मला कुणालाच सिद्ध करून दाखवता येत नाही. काळपट, घट्ट थर पात्याचे रक्षणच करतो. बोटाला लागणारा लालसर, भुकटीसारखा गंज तेवढाच तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने हळूहळू काढा, आणि पाते कातडी आवरणात ठेवू नका, कारण कातडे ओल धरते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. दुसरी अरुंद पन्हळ आहे. जाडी परजेपाशी ९ आणि टोकाजवळ सव्वादोन मिलिमीटर भरली, मुठीचा शेवट ठोकलेला आहे आणि परजेलगत दोन शिक्के आहेत. विशेषण कुठेच नाही. १८७७ ची तलवार म्हणून जी किंमत योग्य ठरेल तेवढीच मी देऊ करणार आहे, आणि पॉलिश पेपर आणणार नाही.