कोजागिरीचा लकी ड्रॉ: स्टेजवर काढायचा की ऑनलाइन?

मानेवाडा_समिती

नमस्कार मंडळी. मानेवाडा-बेसा रोडवरची कॉलनी, ३४० घरं. कोजागिरीला मैदानात दूध, भुलाबाईची गाणी आणि शेवटी लकी ड्रॉ, असा कार्यक्रम आहे. अंदाजे ९०० कुपनं जातील. एका कुपनाचे २० रुपये ठेवायचं चाललं आहे. बक्षिसं ११, पहिलं १८,००० चा टीव्ही, बाकी मिक्सर, कुकर, चादरी.

समितीत दोन पार्ट्या पडल्या आहेत. पोरं म्हणतात, नावं टाकून ऑनलाइन चाक फिरवा, काटा थांबेल तो विजेता. पुण्या-बंगलोरला नोकरीला गेलेले पण वर्गणी पाठवतात, त्यांनाही बघता येईल. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, चिठ्ठी डोळ्यासमोर निघाली पाहिजे, मोबाईलवर काय भरोसा. ड्रॉसाठी वेगळे ३,००० रुपये आहेत. काय करावं, आणि कुठे चुकतं, ते नीट सांगा नं.

गांधीबाग_छपाई

भाऊ, लोक मैदानात असतील तर ड्रॉ मैदानातच करा. पण "ड्रममधून चिठ्ठी काढली म्हणजे निष्पक्ष" हेही खरं नाही. ड्रममध्ये गडबड दोनच ठिकाणी होते: कुपन आत जायच्या आधी आणि आत गेल्यावर नीट न मिसळल्यामुळे.

आधी छपाईचं. १,००० कुपनं छापा, ५० पानांची २० पुस्तकं. कागद साधा मॅपलिथो चालेल, पण ८० जीएसएमच्या खाली जाऊ नका, पातळ कागद दवानं वळतो. मधे छिद्ररेषा आणि दोन्ही अर्ध्या भागांवर तोच नंबर. नंबरिंग मशिनचं एखादं चाक अडकलं तर एकच नंबर दोनदा पडतो किंवा मधले दहा गायब होतात. म्हणून माल घेताना प्रत्येक पुस्तकाचं पहिलं-शेवटचं पान बघा, आणि ०९९ नंतर १००, १९९ नंतर २०० हे सांधे हमखास तपासा. चाक तिथेच अडकतं.

पुस्तकं वाटताना वहीत एक ओळ: पुस्तक क्रमांक, कुठून कुठपर्यंत, कोणाला दिलं, सही. परत घेताना न गेलेली कुपनं दोन्ही भागांसकट बाजूला काढा, त्यांवर तिरपी रेघ मारा, गठ्ठा सुतळीनं बांधून वर दोघांच्या सह्या. हे राहिलं की न गेलेल्या कुपनाचा भागही ड्रममध्ये जातो, नेमका तोच निघतो, नंबर पुकारला की मालकच नाही. मग मैदानात "समितीनं स्वतःचीच कुपनं टाकली" सुरू होतं.

आता ड्रम. निम्म्याच्या वर भरायचा नाही. आतून गुळगुळीत ड्रम असेल तर कागद उलटत नाही, गठ्ठाच्या गठ्ठा घसरत राहतो. आत दोन-तीन आडव्या पट्ट्या लावा, कागद वर उचलला जाऊन खाली पडतो. कुपन घडी न करता टाका. काही घडी केलेली आणि काही सपाट असली तर हाताला घडीवालीच लागते. स्टेपल तर नकोच. पुस्तकाच्या क्रमानं ओतू नका, आधी चादरीवर पसरून हातानं कालवा. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ ला सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली होती, ३६६ निळ्या कॅप्सूल. महिन्यांच्या क्रमानं भरल्या आणि पुरेशा मिसळल्या नाहीत, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरवाल्यांचे नंबर लवकर निघाले. तिथे पोरांचा जीव पणाला लागला होता, तुमच्याकडे कुकर आहे, पण कारण तेच.

आणि कोजागिरीचं दव! ड्रम संध्याकाळपासून मोकळ्यावर ठेवला तर रात्री कागद एकमेकांना चिकटतात, एका हातात तीन येतात. मांडवाखाली झाकून ठेवा.

शीट_आणि_फॉर्म

वरचं सगळं कबूल, पण ऑनलाइनला बदनाम करताना दोष चाकाला दिला जातो. खरी गोम यादीत असते. चाक फिरताना सगळे बघतात, यादी कोणी बघत नाही.

तीन गोष्टी नक्की बिघडतात:

पहिली, दुबार नावं. गुगल फॉर्ममध्ये एकच माणूस तीनदा भरतो, एकदा +९१ लावून, एकदा सुरुवातीला शून्य लावून, एकदा मधे जागा सोडून. गुगल शीटला ते तीन वेगळे नंबर वाटतात. आधी मोकळ्या जागा काढा, मग राईट फंक्शननं शेवटचे १० आकडे वेगळ्या रकान्यात घ्या आणि त्या रकान्यावरून दुबार नोंदी काढून टाका. "एकच प्रतिसाद" ही सेटिंग लावली तर गुगल खात्यानं लॉगिन करावं लागतं, आजीआजोबा तिथेच अडकतात. त्यापेक्षा फॉर्म मोकळा ठेवून मागून साफ करणं सोपं.

दुसरी, रँडबिटवीन. दोन आकड्यांमधला कुठलाही एक आकडा देणारं हे फंक्शन शीटमध्ये लावून नंबर काढला आणि कोणी दुसऱ्याच खान्यात काही टाईप केलं की नंबर बदलतो. प्रोजेक्टरवर विजेता ४१२ दिसतो, पुढच्या क्षणी ८७. नंबर आला की लगेच कॉपी करून कंट्रोल-शिफ्ट-व्हीनं फक्त मूल्य चिकटवा. नाहीतर शीट या कामाला वापरूच नका. रँडम डॉट ऑर्ग ही साईट आहे, १९९८ पासून चालू, वातावरणातल्या रेडिओ गोंगाटातून आकडे घेतं. फुकटात १ ते ९०० मधला एक आकडा देतं, तेवढं पुरे.

तिसरी, चाक स्वतः. दोन-तीनशे नावं टाकली की एकेक फाक केसाएवढी होते. काटा कुठे थांबला ते पहिल्या रांगेलाही दिसत नाही. शिवाय विजेता आधीच ठरवून फिरवता येईल अशी चाकंही नेटवर मिळतात आणि पोरांना ती माहीत असतात. ९०० नावांना चाक नकोच.

पूर्ण ऑनलाइन करायचंच असेल तर एक पद्धत मला सगळ्यात स्वच्छ वाटते. शुक्रवारी दुपारी १२ ला यादी गोठवायची, प्रत्येकाला क्रमांक देऊन ग्रुपवर टाकायची, मोबाईलचे शेवटचे ४ आकडेच दाखवायचे. आधीच जाहीर करायचं की त्याच दिवशीचा सेन्सेक्सचा बंद आकडा घेणार. समजा यादीत ६१२ नावं आहेत आणि सेन्सेक्स ८१,२३४.५६ वर बंद झाला. टिंब काढलं की ८१२३४५६. त्याला ६१२ नं भागा, बाकी उरते ३८०. त्यात १ मिळवा, विजेता क्रमांक ३८१. घरी बसून कोणीही कॅल्क्युलेटरवर तपासू शकतो, आणि यादी गोठवताना तो आकडा कोणालाच माहीत नसतो. दुसऱ्या बक्षिसाला ३८१ वगळून यादीचे क्रमांक पुन्हा लावा आणि तोच आकडा ६११ नं भागा. बाजार साडेतीनला बंद होतो, पण आकडा संध्याकाळी बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साईटवरूनच घ्या, मधल्या वेळी बातम्यांतला टिंबानंतरचा आकडा पुढेमागे असतो. शनिवार-रविवारी किंवा सुट्टीला बाजार बंद, तारीख पाहूनच ठरवा.

वॉर्डातला_काका

एक विसरले सगळे. माईक रात्री १० ला बंद. ज्या दिवसांना १२ पर्यंत सूट जाहीर झाली असेल तेवढेच अपवाद, त्यात तुमची तारीख आहे का ते पोलीस ठाण्यात आधी विचारा. नसेल तर ११ बक्षिसांचा ड्रॉ सव्वानऊला सुरू करा. एका बक्षिसाला नंबर पुकारणं, माणूस येणं, फोटो, मिळून तीन-चार मिनिटं जातातच. दूध नंतर प्या, चंद्र काही पळून जात नाही.

टीडीएस_धरमपेठ

समितीताई/भाऊ, तुमच्या प्रश्नातलं "एका कुपनाचे २० रुपये" हे वाचून थांबलो. स्टेज की ऑनलाइन, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

पैसे घेतले, निकाल नशिबावर आणि बक्षीस दिलं, हे तिन्ही एकत्र आलं की ती लॉटरी होते. सरकारी नसलेली आणि सरकारनं परवानगीही न दिलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तिची जाहिरात करणाऱ्याला ५,००० पर्यंत दंड. ऑनलाइन पैसे घेतल्यानं हे टळत नाही, उलट यूपीआयची नोंद राहते. लोक सर्रास करतात म्हणून चालतं असं नाही.

मार्ग सोपा आहे: कुपन फुकट ठेवा. मैदानाच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येक घराला ठरलेली कुपनं, वर्गणी दिली असो वा नसो. बक्षिसांचा खर्च वर्गणी आणि प्रायोजकांकडून. वर्गणी गोळा करायला मंडळ नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची तात्पुरती परवानगी लागते, तीही काढून ठेवा.

दुसरं, टीव्ही. १०,००० पेक्षा जास्त किमतीच्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस, म्हणजे बक्षीस देणाऱ्यानं आधीच कापून भरायचा आयकर. बक्षीस वस्तूचं असेल तर कर भरला गेल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही, ही जबाबदारी देणाऱ्याची. म्हणजे १८,००० च्या टीव्हीसाठी विजेत्याकडून ५,४०० घ्यायचे. स्टेजवर "अभिनंदन, ५,४०० काढा" म्हणणं कसं वाटेल, बघा. समितीनं स्वतः सोसायचं म्हटलं तर हिशोब १८,००० चे ३० टक्के असा होत नाही. तो करही बक्षिसातच धरतात, म्हणून १८,००० गुणिले ३० भागिले ७०, म्हणजे ७,७१४. वर टॅन (कर कापणाऱ्याला घ्यावा लागणारा नंबर) आणि विवरणपत्र. त्यापेक्षा टीव्ही सोडा, ९,५०० चा कूलर द्या, नागपुरात तो टीव्हीपेक्षा जास्त कामाचा.

मानेवाडा_समिती

बापरे, कुपनाचे पैसे रद्दच करतो मग. टीव्हीही गेला. आता बाहेरगावच्या पोरांचं काय? त्यांनाही कुपन द्यायचं आहे. आणि ९०० चिठ्ठ्या ड्रममध्ये कालवणं खरंच जमेल का?

गांधीबाग_छपाई

चिठ्ठ्या कालवूच नका. तीन आकडी नंबर आहेत ना, मग ० ते ९ लिहिलेले दहा टेबल टेनिसचे बॉल आणि एक गडद कापडी पिशवी. दहाही बॉल आधी स्टेजवर लोकांना मोजून दाखवा. एक बॉल काढा, तो शतक. परत पिशवीत टाका, हलवा, दुसरा काढा, तो दशक. परत टाका, तिसरा एकक. तीनच ओढींत नंबर, आणि पहिले दोन आकडे जुळलेल्यांचा आरडाओरडा फुकटात. बॉल-पिशवीला दोनशे-अडीचशे रुपये. बाकी पैशांत कुपनं छापून होतील.

नंबर ००० ते ९९९. जो नंबर वाटलेलाच नाही तो आला तर तिन्ही ओढी पुन्हा, पूर्ण. इथे सगळे चुकतात. समजा कुपनं ९०४ पर्यंतच गेली. पहिला ९ आला, पुढे ४७ आला, ९४७ वाटलेला नाही. "९ राहू द्या, पुढचे दोनच काढा" असं कोणी म्हटलं की ९०० ते ९०४ या पाच जणांना मिळून दहात एक संधी मिळते, म्हणजे एकेकाला पन्नासात एक. बाकीच्यांना हजारात एक. वीस पट फरक, आणि हेतू मात्र चांगला!

बाहेरगावच्यांना ८०० च्या पुढचे नंबर राखून ठेवा. फॉर्म भरला की आलेल्या क्रमानं नंबर आणि ग्रुपवर यादी. पिशवी एकच, त्यामुळे दोघांना संधी सारखीच. नियम मात्र कुपनावर छापा: मैदानात कुपन घेणाऱ्यानं हजर राहायचं, तीनदा पुकारून दोन मिनिटं वाट; फॉर्मवाल्यांना हजेरीची अट नाही, बक्षीस आईबापांनी न्यायचं.

शीट_आणि_फॉर्म

त्यांना बघता यावं म्हणून एक फोन ट्रायपॉडवर, पिशवी आणि बॉल दोन्ही चौकटीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच शॉट, कट नाही. मैदानात ९०० माणसं एकाच टॉवरवर आली की थेट प्रक्षेपण अडखळतं, म्हणून फोनमध्येही रेकॉर्डिंग चालू ठेवा किंवा जवळच्या घरातलं वायफाय घ्या. फॉर्म आदल्या दिवशीच बंद करा, मैदानात क्यूआर लावू नका.

निकालानंतर ग्रुपवर एक ओळ टाका: बक्षिसासाठी समिती कोणाकडून फी, ओटीपी किंवा लिंकवर माहिती मागणार नाही. विजेत्यांची यादी फिरली की असे फोन येऊ शकतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं.

गांधीबाग_छपाई

बॉलवर आकडे मार्करनं इंग्रजीतच लिहा, कुपनावरचे नंबरही सहसा इंग्रजीतच येतात. फक्त सहा आणि नऊच्या खाली ठळक रेघ मारा, नाहीतर बॉल उलटा धरला की एकाचा दुसरा होतो.