मदत हवी आहे: डिस्टिलेशन आणि रिफ्लक्ससाठी कोणता कंडेन्सर (बाहेरून पाणी फिरवून वाफ थंड करणारी काचेची नळी) घ्यावा?

नमस्कार मंडळी. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेसाठी काचसामान घ्यायचंय, बजेट बेताचंच. प्रयोग दोनच: एस्टरचं हायड्रोलिसिस (तासभर रिफ्लक्स, म्हणजे उकळताना उठणारी वाफ थंड करून परत फ्लास्कमध्येच आणायची) आणि इथाइल अ‍ॅसिटेटचं साधं डिस्टिलेशन (वाफ थंड करून द्रव वेगळा गोळा करायचा), ७७ अंश सेल्सिअसच्या आसपास.

विक्रेता म्हणतो, बल्बवाला आलिन कंडेन्सर दोन्हीकडे चालेल. मला पटत नाही. रिफ्लक्सला उभा लावला तर उत्तमच, पण डिस्टिलेशनला तिरका ठेवला की फुग्यांमध्ये द्रव साचून राहणार आणि आधी आणि नंतर येणारा द्रव एकमेकांत मिसळणार. त्यासाठी सरळ नळीचा लीबिगच हवा ना? उलट लीबिग उभा लावून रिफ्लक्सही भागेल असं वाटतं, फक्त आमच्याकडे उन्हाळ्यात टाकीचं पाणीच कोमट येतं. ३०० मिमी लांबी अशा पाण्याला पुरेल का? बादलीत बर्फ आणि कूलरचा पंप लावून पाणी फिरवणारं कुणी आहे का इथे?

जॉइंट (काचेचे घासलेले सांधे) सगळे २४/२९ मापाचे घ्यायचं ठरवलंय. फ्लास्क २५० मिलीचा गोल बुडाचा. मिश्रण १०० मिलीच असतं, त्यामुळे निम्म्याहून कमीच भरेल. जॉइंटला ग्रीस लावावं की टेफ्लॉन स्लीव्ह बरी? मुलं ग्रीस थापतात हो अक्षरशः.