प्लग काळे पडण्याआधी थर्मोस्टॅट तपासा

होडीच्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरचे (होडीच्या मागे लावायचं, पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारं इंजिन) प्लग मंद चालीत सारखे काळे पडतात, म्हणून पेट्रोल-तेलाचं प्रमाण ५०:१ वरून ७५:१ करा, असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय; तो मला पटला नाही. तेल कमी केलं की प्लग थोडे स्वच्छ राहतील, पण बेअरिंगना वंगण पुरणार नाही. कंपनीने सांगितलेलं प्रमाण सोडू नका, आणि तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचं) घ्या. गरम प्लग (टोकाची उष्णता जास्त धरून ठेवणारा) बसवायचा उपायही मला जोखमीचा वाटतो. हळू चालताना ठीक, पण पूर्ण थ्रॉटल दिलं की पिस्टनला भोक पडू शकतं.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत थंड पाण्याची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेबद्दल, मात्र कुणीच बोललं नाही. प्लगचं टोक साधारण ४५०-५०० अंशांवर गेलं तरच त्यावरची काजळी जळते. मंद चालीत ते तिथवर पोचत नाही, आणि इंजिनच थंड राहिलं तर मग विचारायलाच नको. माझ्या मोटरचे प्लग दर दोन फेऱ्यांनी ओले, काळेकुट्ट निघायचे. कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाला (उगाचच!). शेवटी अर्धा तास मंद चालवून सिलिंडर हेडला हात लावला, तर जेमतेम कोमट. थर्मोस्टॅट काढला तेव्हा झडपेत वाळूचा खडा अडकलेला, म्हणजे ती कायम उघडीच. नवा बसवल्यावर प्लग हळूहळू तांबूस तपकिरी दिसायला लागले. जुना तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लटकवा, सोबत थर्मामीटर ठेवा आणि तापवा. गार पाण्यातच उघडा दिसला तर बाद. बाकी मधूनमधून दोन-चार मिनिटं वेग वाढवायची सवय मी अजून ठेवलीच आहे.