काचेवर घसारा नाही

गारपिटीत गाडीची काच फुटली तर ‘काचेचे निम्मे पैसे विमा कंपनी कापते, क्लेमच्या भानगडीत पडू नका’ असं एकांनी लिहिलंय, ते बरोबर नाही. ५० टक्के घसारा (भाग जुना झाला म्हणून होणारी कपात) रबर, प्लॅस्टिक, नायलॉनच्या भागांवर लागतो, काचेवर शून्य. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीची, असेल तर मात्र गारपिटीचं काहीच मिळत नाही.

नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाण्याची भीती खरी आहे, पण तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर असतो, पूर्ण हप्त्यावर नाही. दोन वर्षांपूर्वी लातूरला माझ्या गाडीची मागची काच गेली आणि टपावर, बॉनेटवर वीसेक पोचे आले. गॅरेजवाला लगेच पुट्टी-पेंट करू म्हणत होता. मी विमा कंपनीचा सर्वेअर (नुकसान तपासणारा) येईपर्यंत गाडीला हात लावू दिला नाही, आणि ते फार बरं झालं. पोचे भर उन्हात फोटोत दिसतच नव्हते, सकाळच्या तिरप्या उजेडात काढले तेव्हा एकेक उठून दिसला. रंग तडकला नव्हता, त्यामुळे कारागिराने आतून सळईने दाबत पत्रा सरळ केला. गाडीचा मूळ रंग वाचला. रंग शाबूत असेल तर आधी हेच विचारा, कृपया.